गनीच्या हातातली दोरी

पोरांनो, हे मी इद्रीसच्या तोंडून ऐकलंय. दाभोळचा पाणबुड्या, दुबईत माझ्याच खोलीत राहायचा.

दहा जानेवारी एकोणीसशे त्रेसष्ट, गुरुवार, दुबईजवळचा समुद्र. काम साधं होतं. पन्नास वर्षांपूर्वी पोराबाळांसकट बुडालेल्या एका आगबोटीची पितळी घंटा कंपनीच्या साहेबाला हवी होती. इद्रीस पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जायचा. वर होडीत त्याचा जोडीदार गनी, हातात इद्रीसच्या कमरेची दोरी. तीन हिसके म्हणजे वर ओढ.

आदल्याच महिन्यात इद्रीसने गनीच्या बहिणीशी, कुलसुमशी ठरलेलं आपलं लग्न मोडलं होतं. गनी चकार शब्द बोलला नव्हता. तेच इद्रीसला खुपत होतं.

उत्तरेचा वारा सुटला होता, पाणी बर्फासारखं. इद्रीस आगबोटीच्या दाराशी पोचला आणि दोरीने त्याला आत खेचलं. कसाबसा सुटून तो वर आला.

"मला आत का ओढत होतास?"

"मी?" गनी म्हणाला. "मी तर सैल सोडत होतो. तूच दोरी मागत होतास."

इद्रीसने त्याच्या डोळ्यांत बघितलं. खोटं बोलतोय, त्याला वाटलं. पण घाबरलो असं गनीला दिसायला नको, म्हणून सुरी घेऊन तो पुन्हा उतरला.

"यल्ला, लवकर ये," गनी म्हणाला. मगरिबची, सूर्यास्ताच्या नमाजाची वेळ होत आली होती.

खाली अंधार. दोरी पुन्हा ताणली. इद्रीसने टॉर्च मारला.

वरून येणारी दोरी... मध्येच वळली होती. दारातून आत. आणि आतूनच त्याच्या कमरेपर्यंत.

कुणीतरी ती हाताहाताने गोळा करत होतं.

त्याने कमरेपाशी दोरी कापली. वर आला. गनीने त्याला काखेत धरून होडीत घेतलं. सुरी इद्रीसच्या मुठीत तशीच होती.

"गनी, खरं सांग..."

गनी स्वतःच्या हातातल्या दोरीकडे बघत होता.

हिसका.

मग दुसरा.

तिसरा.

इद्रीस समोर बसलेला.

"ओढू?" गनीने विचारलं. त्याचा आवाज रडवेला झाला होता. तेव्हा इद्रीसला कळलं, हा खोटं बोलत नव्हता. त्यानेही दोरी धरली. दोघांनी ओढली. जड होती... पाण्याच्या वर येताच एकदम हलकी झाली.

टोकाला कुणी नव्हतं.

फक्त कापलेल्या टोकाचा फास केलेला. घट्ट, नीट गाठ मारलेला. लहान मुलाच्या कमरेला बसेल, एवढाच.