पठारावरचं गरम पाणी

खुर्ची जरा जवळ घ्या. हे मी फार जणांना सांगत नाही.

पठारावर पाऊस आणि तापमान मोजणारी उपकरणं आहेत. दर शनिवारी वर जायचं, आकडे वहीत उतरवायचे, परत यायचं. बारा वर्षं हेच माझं काम. त्या शनिवारी मेहुणा सोबत आला. सुट्टीवर होता, घरात बसून बहिणीचं डोकं खात होता. "घेऊन जा हो याला," बायको म्हणाली, "दिवसभर तरी शांतता मिळेल."

माझ्या पिशवीत काड्यांवर चालणारी एक किटली असते. आपला बंब असतो ना, त्याचंच धाकटं भावंड. मधोमध धुराडं, भोवती पाणी, खालच्या ताटलीत जाळ. पाच मिनिटांत पाणी खळखळतं. काड्यांची जुडी मेहुण्याच्या पिशवीत दिली होती.

काम आटोपून निघालो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. ओढा ओलांडताना मेहुण्याचा पाय सटकला आणि तो पिशवीसकट गळ्यापर्यंत पाण्यात गेला. ओढून काढलं. आधी आम्ही दोघंही हसलो. मग धुकं उतरलं.

असं धुकं मी बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. स्वतःचे बूट दिसेनात. पुढे कडा आहे हे ठाऊक, म्हणून एका खडकाच्या आडोशाला बसलो. वाऱ्याचासुद्धा आवाज नाही. फक्त मेहुण्याचे दात वाजत होते. त्याचे ओले कपडे काढून माझा कोट घातला. थोड्या वेळाने दात वाजायचे थांबले, आणि हायसं वाटण्याऐवजी मी त्याचे गाल थोपटायला लागलो. गारठलेला माणूस थरथरायचा थांबला, की तो हातचा जायला लागतो.

"भावोजी... मी जरा झोपतो."

"झोपायचं नाही. ऐकतोयस ना?"

किटली मांडली. भिजलेल्या काड्या नुसत्या धुमसल्या. वहीची पानं फाडून पेटवली. वर्षभराचे आकडे जळले आणि पाणी कोमटही झालं नाही. लायटर पुन्हा पुन्हा पेटवत राहिलो. बायकोला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात धूर हलला. किटलीच्या पलीकडून एक हात पुढे आला. म्हाताऱ्या बाईचा, कोपरापर्यंत भिजलेला. मुठीत काड्या होत्या, कोरड्या ठणठणीत, वीत-वीत लांबीच्या, सगळ्या सारख्या तोडलेल्या. पठारावर झाड नाही, झुडूप नाही.

"एकेक घाल," आवाज आला. "घाई नको..."

मी मान वर केली नाही. खरं सांगतो, धीरच झाला नाही. समोर कुणीतरी उकिडवं बसलंय एवढं जाणवत होतं, आणि ओल्या राखेचा वास येत होता. मी एकेक काडी घालत गेलो. धुराडं घुमू लागलं, पाणी उकळलं. मेहुण्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला घोट घोट पाजलं. उरलेलं बाटलीत भरून ती त्याच्या छातीशी धरली. काड्या संपल्या की हात पुढे यायचा. किती वेळ, कोण जाणे. मेहुणा पुन्हा थरथरू लागला तेव्हा मला रडू आवरेना.

"आई, तुमचे उपकार..." म्हणत मी एक कप समोर धरला.

कुणी घेतला नाही. धुकं विरळ झालं तेव्हा समोर कोरडा खडक होता, आणि त्यावर माणूस बसेल एवढीच ओली जागा.

दिवस मावळायच्या आत खाली पोचलो. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. दवाखान्याच्या खाटेवर मेहुण्याने हळूच विचारलं, "भावोजी, ताईला कितवा महिना?"

"कसला महिना? काहीतरीच बोलू नकोस."

आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तो विषय घरात कुणी काढत नसे.

"मग ती म्हातारी असं का म्हणाली?" त्याने माझा हात धरला. "तुम्ही काड्या घालत होतात ना, तेव्हा माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली... ताईच्या वेळेला पाणी तापवायला मी येईन."

पंधरा दिवसांनी बायकोला दिवस गेल्याचं कळलं.

आता नववा चालू आहे. त्या बाईने मेहुणा परत दिला, वर हे सुख. तिच्याबद्दल कृतज्ञतेशिवाय दुसरं काही मनात आणायचं नाही, असं मी स्वतःला बजावतो. दर शनिवारी त्या खडकापाशी थांबून हात जोडतो. बायकोला मात्र आम्ही दोघांनी यातलं अक्षरही सांगितलेलं नाही. ओढ्यात पडला, गारठला, वाचला, एवढंच तिला माहीत आहे.

काल मी दवाखान्यात तिच्यासाठी खाट राखून ठेवायला निघालो होतो. ती उशीला टेकून लोकरीचं टोपडं विणत होती. म्हणाली, "राहू दे हो. घरीच होईल सगळं."

"घरी? आणि बघणार कोण?"

तिने सुईवरून नजरही उचलली नाही.

"पाणी तापवायला येणार आहेत ना त्या," ती म्हणाली.