डाव्या पंखाची गळती

“उद्या सकाळी डावा पंख पुन्हा गळला, तर ताई उडणार नाही. मोठे काका म्हणाले.”

ढब्बू ही बातमी घेऊन धावत आला तेव्हा त्याच्या हातात खायला काहीच नव्हतं. त्यावरूनच चिमटीनं आणि शंकासुरानं ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

तिघं चुलत भावंडं सुट्टीला मोठ्या काकांकडे आली होती. मोठे काका ग्लायडर क्लबचे प्रमुख, आणि ताई त्यांची मुलगी. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. त्याच्या दोन्ही पंखांत टाक्या असतात. त्यांत पाणी भरलं की ग्लायडर जड होतं, आणि जड ग्लायडर वेगानं जातं. उतरण्याआधी पंखांखालच्या झडपा उघडून पाणी सोडून द्यायचं, की झालं. पण एकाच पंखातलं पाणी गळालं तर विमान एका अंगाला कलणार, आणि तसं उडणं म्हणजे जिवाशी खेळ. उद्या शर्यतीचा शेवटचा दिवस होता. ताई दुसरी होती, आणि पाण्याशिवाय पहिलं येणं तिला शक्यच नव्हतं.

गळतीचा प्रकारही मोठा चमत्कारिक होता. क्लबची ग्लायडरं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकाकांनी झडपेची रबरी कडी बदलली, ग्रीस लावलं, संध्याकाळी पाणी भरून पाहिलं, तर एक थेंब गळेना. सकाळी पाणी भरलं की टपटप सुरू. मोठे काका मिस्त्रीकाकांवर उखडायचे. मिस्त्रीकाका म्हणायचे की ताई झडप नीट बंद करत नाही. ताई बिचारी जेवायचं सोडून भिंतीकडे बघत बसायची.

चिमटी मात्र सकाळीच पंखाखाली सरपटून आली होती. कडी अगदी कोरडी आणि चकचकीत होती, असं तिनं सांगितलं. ग्रीसला काय पाय फुटतात? कुणीतरी ते पुसत असणार.

शंकासुराला लगेच तीन शंका आल्या. त्यातली एक मुंगळ्यांची होती, ती सोडून देऊ. पण पुसणारा सापडणार कसा, ही शंका रास्त होती. चिमटीनं ढब्बूच्या रंगपेटीतली निळ्या तैलरंगाची ट्यूब उचलली. तो रंग हात धुतले तरी जात नाही, हे ढब्बूच्या आईला विचारा! मिस्त्रीकाकांनी हात टेकलेच होते. काय हवं ते करा, म्हणाले, आणि ग्रीसचा डबा पुढे सरकवला. तिघांनी त्यात रंग कालवला आणि ते निळं ग्रीस झडपेला व्यवस्थित चोपडलं.

सकाळी तिघं मैदानावर येईल त्याचा हात बघत उभी राहिली. पहिल्या नंबरच्या वैमानिकावर ढब्बूचा दाट संशय होता, म्हणून त्यानं त्याच्याशी दोनदा हस्तांदोलन केलं. हात स्वच्छ. पहारेकऱ्याचे हात स्वच्छ. तेवढ्यात पंखात पाणी भरलं गेलं, आणि डावीकडून टपटप सुरू झालं. ताईनं मान खाली घातली.

मोठे काका तावातावानं पुढे आले. विचार करताना मिशीला पीळ द्यायची त्यांची सवय सगळ्यांना ठाऊक होती. आज त्या पांढऱ्याशुभ्र मिशीचं उजवं टोक मोराच्या पिसासारखं निळं झालं होतं.

कुणाची हसायची छाती होईना. काका गरजत होते, की माझी मुलगी म्हणून सवलत मिळणार नाही, पाणी काढा, ताई आज उडणार नाही. मग चिमटीच धीर करून पुढे झाली.

“मोठे काका, तुम्ही सकाळी डाव्या झडपेला हात लावलात?”

“लावणारच. रोज लावतो. गळकी झडप तपासायला नको?”

“आणि पुसलीत?”

“केवढी घाण होती तिथं! रुमालानं लख्ख पुसली.”

मिस्त्रीकाकांनी कपाळावर हात मारून घेतला. “अहो, ती घाण नव्हती, ग्रीस होतं! त्याच्याशिवाय पाणी थांबेल कसं?”

चिमटी म्हणाली, “ती गळते म्हणून तुम्ही तपासता, आणि तुम्ही तपासता म्हणून ती गळते.”

काकांनी बोटांकडे पाहिलं, मग रुमालाकडे. कुणीतरी गाडीचा आरसा त्यांच्यापुढे वळवला. त्यानंतर मैदानावर जे हसू फुटलं, त्यात मिस्त्रीकाकांचं सगळ्यात मोठं होतं.

झडप पुन्हा ग्रीस लावून बंद झाली. काका शेजारीच उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. पाणी भरलं. सगळे वाकून बघत राहिले. टिप्पूससुद्धा नाही. ताई उडाली.

ती परतली तेव्हा उन्हं कलली होती. सगळ्यांच्या आधी, पहिल्या नंबरवाल्याच्याही आधी, तिचंच ग्लायडर दिसलं. ते मैदानावरून अगदी कमी उंचीवरून सूं करत गेलं आणि तिनं दोन्ही झडपा उघडल्या. डावीकडून एक धार, उजवीकडून एक धार, दोन्ही अगदी सारख्या! खाली उभ्या असलेल्या सगळ्यांची आंघोळ झाली. काका जागचे हलले नाहीत.

ताई उतरली. तिनं पट्टे सोडायच्या आतच काका तिच्यापाशी पोचले. सगळ्यांच्या देखत म्हणाले, “पोरी, चूक माझी होती. माफ कर.” ताई एकदम रडायलाच लागली, आणि रडता रडता त्यांच्या मिशीकडे बघून हसायला लागली.

मग काका तिघांकडे वळले. तिघंही नखशिखांत भिजली होती. त्यांनी चिमटीच्या डोक्यावर हात ठेवला.

“शाबास रे पोरांनो,” ते म्हणाले. “तुम्ही नसतात, तर मी माझ्याच लेकीला जमिनीवर बसवून ठेवलं असतं.”