मचूळ पाणी आणि गोरक्षचा तळहात

थोरल्या लंकाबाईला पहिला मुलगा झाला, ते साल १९७१. बाळाला न्हाऊ-माखू घालायला धाकटी मालन घोडेगावहून सावेडीला बहिणीकडे आली, आणि दुसऱ्याच दिवशी घागर घेऊन शेजारच्या विहिरीवर गेली.

विहिरीला लागून काकासाहेबांची पत्र्याची शेड होती. दारात एक सडपातळ तरुण पातेल्यात पळी गरागरा फिरवत होता. पातेल्यात पाणी, पाण्यात पांढऱ्या गुठळ्या.

"पिठलं बिघडलं व्हय?" मालनने विचारलं.

त्याने मान वर केली... आणि पळी थांबली. "पिठलं नाही. तोंडाला, हाताला लावायचं जेल आहे."

"गुठळ्या तर पिठल्याच्याच हायेत. पूड एकदम ओतली ना? वैरायची असती. एका हातानं जरा जरा सोडायची, दुसऱ्यानं ढवळायचं."

"हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?"

"चुलीपाशी!" म्हणत ती निघून गेली.

तो गोरक्ष, पारनेरचा. मुंबईच्या कारखान्यात दोन वर्षं काम शिकून आलेला. त्याने पूड वैरली, गुठळ्या गेल्या. पण घट्टपणा काही येईना. घट्ट करणाऱ्या औषधाचे थेंब टाकले की पाणी दह्यासारखं धरायला हवं, ते ताकासारखं पातळच राही. पूड वाढवली, थेंब वाढवले... ताक ते ताकच.

शेवटी या कामात पैसा घालणारे काकासाहेब गरजले, "शनिवारी जेल उभं राहिलं तर ठीक. नाहीतर शेडला कुलूप, आणि तू पारनेरला जाऊन बाजरी राख!"

विहिरीवर मालनच्या हातून पोहरा निसटला. पारनेर काही परमुलूख नव्हता, पण आता तो फार लांब वाटायला लागला.

शुक्रवारी दुपारी ती घागर न घेताच आली.

"आज पाणी नको?" गोरक्षने विचारलं.

"तुमचं जेल व्हायला कसं पायजे, ते तरी दावा."

त्याने मुंबईहून आणलेली तयार जेलची लहान बाटली उघडली. काडीने एक थेंब तिच्या तळहातावर ठेवला. थेंब मोत्यासारखा उभा राहिला. दुसरा त्याने स्वतःच्या तळहातावर ठेवला... तो बघता बघता पाणी होऊन बोटांतून ओघळला.

"अगंबाई! बाटली एकच, मग असं का?"

गोरक्ष गडबडला. "हात... जरा घामेजलाय."

मालन आपल्या तळहाताकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "घाम खारट असतो ना वो? आन् ही विहीर लई मचूळ हाय. हिच्या पाण्यात आक्काची डाळसुद्धा शिजत न्हाई!"

गोरक्षने कपाळावर हात मारला. पाण्यातला खारच जेल मोडत होता! मुंबईला पाणी काचेच्या मोठ्या बाटलीतून यायचं. कुठलं, ते त्याने कधी विचारलंच नव्हतं. सायकल काढून तो गॅरेजवर गेला आणि बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घेऊन आला. त्यात पूड वैरली, थेंब टाकले. पळी जड झाली... आणि पातेल्यात उभी राहिली.

शनिवारी काकासाहेबांनी बरणी उलटी धरली. थेंबही पडला नाही. "बाजरी दुसरा कोणीतरी राखील!" म्हणून ते हसत गेले.

मालन दाराआड उभी होती. "एक विचारू? मुंबईला असा घाम यायचा का हाताला?"

"नाही."

"मग हितंच कसा येतो?"

"तुम्ही समोर आलात की..." गोरक्ष पळीकडे बघत म्हणाला, "पहिल्या दिवसापासून."

"असल्या हातानं कारखाना कसा चालायचा?"

"म्हणून तर म्हणतो... पूड वैरायला तुम्ही कायमच्या याल का?"

ती लाजली. "दादांना घोडेगावी येऊन विचारा. पर हात पुसून या!"

तो आला, आणि तिच्या वडिलांसमोर, दादांसमोर, त्याने धोतराला तीनदा हात पुसले. त्या माघात लग्न झालं. पूड शेवटपर्यंत मालनबाईच वैरायच्या, आणि गोरक्षचा हात त्यांच्या हातात कधी कोरडा राहिला नाही.

गोरक्ष २००४ साली, संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी, सावेडीच्या घरी वारले.