निळ्या ब्लँकेटवरचं कडं

"ऑर्ला, ताबडतोब ये. त्या डोब्रिनच्या पोरीने स्वतःचाच ड्रेस फाडलाय आणि आता गळा काढून बसलीय."

मार्लिस ग्रबचा फोन असाच असायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट निकाल. ड्राय फोर्क गावात घोडे-बैलांच्या खेळांचा रोडिओ भरायचा, त्याची राणी निवडणाऱ्या समितीची ती अध्यक्ष. एकेकाळी ती स्वतः राणी होती आणि मनातून तिने तो मुकुट अजून उतरवलेला नव्हता.

ऑर्ला टिबेट्सचं काम खरं तर गुरांच्या अंगावरचे मालकीचे डाग तपासण्याचं. कोणतं वासरू कोणाचं, कोणता घोडा चोरीचा, हे ठरवणारी ती सरकारी निरीक्षक. पण शेरीफ डोंगरातल्या वणव्याकडे गेला होता आणि मैदानावर बिल्ला असलेलं दुसरं कोणी नव्हतं. तोंडातली सूर्यफुलाची टरफलं थुंकून ती पुढे राहायची खोली आणि मागे घोड्याची जागा असलेल्या ट्रेलरांच्या रांगेकडे निघाली. दुपारच्या वाऱ्याने रिंगणातली लाल माती उडत होती. ऑर्लाचे बूट, शर्ट, भुवया, सगळं लाल झालं होतं.

लिनिया डोब्रिन आपल्या ट्रेलरच्या पायरीवर बसली होती. रडत नव्हती. रागाने तिचे ओठ पांढरे पडले होते. मार्लिस जरा लांब, हाताची घडी घालून उभी होती. तिच्या काळ्या जाकिटाच्या बाहीवर पांढरट पट्टा उठला होता.

"आत कोण कोण गेलं?" ऑर्लाने विचारलं.

"ती एकटीच," मार्लिस म्हणाली. "ती किंचाळली तेव्हा आम्ही सगळे धावलो. मी दारातून डोकावले, तेवढंच. तिच्या घरात मी पाय ठेवत नाही."

"कुलूप?"

"धड आहे. कातरी तिचीच आहे. आणखी काय हवंय तुला? घोडा पळवता येतो, पण संध्याकाळी भाषण करायचंय म्हटल्यावर पोटात गोळा आला. नाचता येईना अंगण वाकडं! पाच वाजता समिती बसेल आणि हिचं नाव यादीतून काढेल. लबाडी केली म्हणून."

लिनियाचं वय या स्पर्धेला जेमतेम बसत होतं. पुढच्या वर्षी ती बाद. चार वर्षांपूर्वी आईबापांबरोबर न्यू जर्सीहून आलेल्या या मुलीला गावाने अजून नीट हाक मारली नव्हती. आता मारली असती, तीही लबाड म्हणून, आणि ड्राय फोर्कमध्ये माणसावरचा डाग गुरावरच्या डागासारखाच जन्मभर टिकतो.

ऑर्ला आत गेली.

ड्रेस जमिनीवर पडला होता. आकाशी रंगाचं मऊ चामडं, बाह्यांवर हाताने रंगवलेले रानगुलाब. पाठीवर गळ्यापासून खालपर्यंत सरळ चिरलेला. शेजारी कातरी. पलंगावर गडद निळं ब्लँकेट ताणून घातलेलं होतं आणि त्यावर पुसट पांढरं कडं होतं. लांबट गोल. पांढरी फेल्ट हॅट मात्र दाराशेजारच्या खुंटीवर लटकत होती.

ऑर्लाने कड्यावर बोट फिरवून पाहिलं. खडूची भुकटी.

"हॅटला खडू केव्हा लावलास?"

"सकाळच्या फेरीनंतर," लिनिया दारातून म्हणाली. "डाग लपवायला. सगळ्याच लावतात."

"मग ठेवलीस कुठे?"

"पलंगावर." ती थांबली. "म्हणजे... मला तसं आठवतंय. पण परत आले तेव्हा ती खुंटीवर होती. डोकं ठिकाणावर नाही माझं. घोड्याला पाणी पाजायला गेले होते, तेवढ्यात हे झालं."

"कोणाला सांगितलंस हे?"

"हॅटचं? कोण विचारतंय हॅटचं? सगळे मलाच विचारतायत, का फाडलास म्हणून!"

"ट्रेलरची चावी कोणाकडे असते?"

"एक माझ्याकडे. एक समितीच्या तंबूत, खिळ्याला. सगळ्यांच्याच चाव्या असतात तिथे. आत बांधलेल्या घोड्याला काही झालं तर हवी म्हणून. कोणीही उचलावी."

ऑर्ला तिथून केसांच्या तंबूत गेली. लिनियाची खरी प्रतिस्पर्धी ब्रिन ग्रब, मार्लिसची भाची, आरशासमोर बसली होती. एक बाई तिच्या केसांना गरम सळीने पीळ घालत होती आणि फवाऱ्याचा वास नाकात जात होता.

"मीच केलं असं म्हणायला आलात ना?" ब्रिन आरशातूनच म्हणाली.

"केलंस का?"

"मला ती आवडत नाही. सकाळी तिचा घोडा अडखळावा म्हणून मी मनापासून प्रार्थना केली. पण ड्रेस? माझा शिवताना दोन हिवाळे गेले, टिबेट्सबाई. बोटं सोलून निघतात. चामड्याला कातरी लावणारीचे हात झडोत."

"दुपारभर कुठे होतीस?"

केस पिळणारी बाईच बोलली. "इथेच. ना ही डोकं हलवते, ना मी हिला उठू देते."

"सकाळच्या गुणांत पुढे कोण आहे असं वाटतं?"

"मीच," ब्रिन म्हणाली. मग तिने ओठ चावला. "मार्लिसआत्या काही बोलत नाही. गुण तिच्याकडेच असतात."

बैल पुरवणारा हायरम सोरेलही संशयात होता. पाण्याच्या पाटावरून त्याचं डोब्रिनांशी वाकडं होतं. पण दुपारभर तो बैल उतरवत होता आणि त्या बैलांचे डाग ऑर्लाच तपासत होती. "बघितलंत ना मला? मग सुटा!" तो खेकसला. ऑर्लाला त्याच्या बाजूने साक्ष द्यावी लागली, याचंच तिला वाईट वाटलं.

समितीच्या तंबूत मार्लिस कागद आवरत होती.

"सकाळचे गुण कोणाला माहीत आहेत?"

"परीक्षक पाकिटं बंद करून देतात. बेरीज मी करते. का?"

"सहज. लिनियाला तुझा एवढा विरोध का?"

मार्लिसने कागद आपटले. "राणी म्हणजे काय नुसता मुकुट वाटला? घोडा भरधाव असताना हॅट पडता कामा नये. झेंडा झुकता कामा नये. दुसऱ्याचा अनोळखी घोडा पहिल्याच फेरीत ताब्यात यायला हवा. गुरांचे आजार तोंडपाठ हवेत, आणि दात हलला तरी हसू हलता कामा नये. हे रक्तात असावं लागतं! आणि ही? गवताचे भारे उतरवायला गुलाबी हातमोजे घालते, कालवडीला गाय म्हणते, पलंगावर हॅट ठेवते, आणि आमचा झेंडा मिरवणार? मी जिवंत असताना नाही."

ऑर्लाने तिच्या बाहीवरचा पट्टा नीट न्याहाळला. मग म्हणाली, "समितीला बोलाव. दोघी मुलींनाही."

सगळे जमले. ब्रिनचे केस अर्धेच पिळलेले होते.

"हिने स्वतःच ड्रेस फाडला म्हणे," ऑर्लाने सुरुवात केली. "मग हिच्या पलंगावर खडूचं कडं का? हिने हॅट तिथे ठेवली होती. ही परमुलखातली, हिला कोणी सांगितलंच नाही, की आपल्याकडे पलंगावर हॅट ठेवणं म्हणजे घरात प्रेत बोलावणं. ही परतली तेव्हा हॅट खुंटीवर होती. ती उचलली कोणी?"

"तिनेच!" मार्लिस म्हणाली.

"तिला त्यात काही वावगंच वाटलं नव्हतं, ती कशाला उचलेल? उचलणारं माणूस इथलंच. आलं वाटोळं करायला, पण पलंगावरची हॅट बघून त्याचा हात आपोआप गेला. सवय आहे ती आपली. मीही तेच केलं असतं."

ऑर्ला मार्लिसकडे वळली.

"मार्लिस, तू फक्त दारातून डोकावलीस म्हणालीस. तेव्हा हॅट खुंटीवर होती. लिनियाने पलंगाचं कोणाला सांगितलं नव्हतं, मला सोडून. मग ती पलंगावर हॅट ठेवते हे आत्ता मला कोणी ऐकवलं?"

ऑर्लाने तिच्या बाहीकडे बोट दाखवलं.

"आज आपण सगळे लाल धुळीने माखलोय. तुझ्या बाहीवर पांढरा पट्टा कुठून आला? खडूचा आहे तो. गुणांची बेरीज तू केलीस. लिनिया पुढे आहे हे फक्त तुला ठाऊक होतं, म्हणून चावी उचललीस. आणि बोंब ठोकत मलाही तूच बोलावलंस. चोराच्या उलट्या बोंबा."

समितीतल्या एकीने बेरजेचा कागद ओढून घेतला, वाचला आणि मान हलवली. लिनिया पुढे होती, आणि थोडीथोडकी नाही.

"आत्या?" ब्रिनचा आवाज चिरकला. "मी हरेन असं वाटलं तुला?"

मार्लिस तिच्याकडे न बघता लिनियाला म्हणाली, "डेल्बर्टची हॅट पलंगावर होती, ज्या दिवशी बैलाने त्याला मारलं. माझा भाऊ होता तो. ब्रिनचा बाप. तू हरावीस असं मला वाटत होतं. मरावीस असं नव्हतं."

"आभार मानू का?" लिनियाने विचारलं.

मार्लिसने गळ्यातली अध्यक्षपदाची फीत काढली आणि टेबलावर ठेवली. कोणी तिला थांबवलं नाही, कोणी वाटही दिली नाही. माणसांना चुकवत तिला बाहेर पडावं लागलं.

भाषणाला थोडाच वेळ उरला होता. ब्रिन तरातरा लिनियाच्या ट्रेलरमध्ये शिरली, खोगिराच्या चामडी वाद्या आणि टोच्या घेऊन.

"घाल तो ड्रेस अंगात," ती खेकसली. "मागून आवळून बांधते. हे उपकार समजू नकोस. तुला मीच हरवणार आहे, कातरीने नाही."

"हरवून बघ," लिनिया म्हणाली.

ब्रिनने पहिली वादी ओढली तशी लिनियाचा श्वास कोंडला. तिच्या हातात हॅट होती. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून सवयीने ती पलंगाकडे वळली.

"पलंगावर नको!"

दारातून ऑर्ला आणि मागून ब्रिन, दोघी एकदम ओरडल्या. लिनिया दचकून थांबली. ब्रिनने दातात वादी धरली, हॅट तिच्या हातातून हिसकावून घेतली आणि खुंटीवर अडकवली.

"सरळ उभी राहा," ती म्हणाली, आणि पुढची वादी ओवू लागली.