डोंगरातल्या शाळा कुठे गेल्या?

"निकाल गायब झालाय," मॅडम फोनवर म्हणाल्या. "जशी असशील तशी ये."

चाळणी तेव्हा दात घासत होती. चूळ भरली न भरली, तोच तिने चपला पायात सरकवल्या आणि विद्यापीठाची वाट धरली.

अर्थशास्त्र विभागात तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. येईल ती माहिती चाळून त्यातले खडे बाजूला काढायचे, हे तिचं काम. म्हणून ती चाळणी. पीएचडीला जाण्याआधी संशोधन मदतनीस म्हणून मॅडमकडे राबायचं आणि त्यांचं शिफारसपत्र घेऊन पुढे जायचं, असा बेत होता. पत्र पोहोचवण्याची मुदत आज संध्याकाळी संपत होती.

मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. नाकावर माशी बसू न देणारी बाई, पण आज त्यांचा आवाज कापत होता.

"बस सुरू झाली तिथे मुलींची शाळा सुटत नाही, हा आपला निष्कर्ष. बरोबर?"

"हो."

"मग हे बघ."

टेबलावरच्या लॅपटॉपवर तोच तक्ता होता, पण बसचा परिणाम जवळजवळ शून्य. मुदत आजचीच ना, म्हणून चाळणीने पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली आणि क्षणभर गोंधळली. मॅडम वर्षभर परदेशात शिकवून आल्या होत्या. लॅपटॉप तिकडचाच होता आणि त्यावर महिना आधी, दिवस नंतर येई.

"दुपारी शिक्षण खात्याचे अधिकारी येणार आहेत. त्यांच्यापुढे काय ठेवू?" मॅडमनी विचारलं. "पहिला तक्ता तू केलास. मला हवा तसा निकाल यावा म्हणून आकड्यांना हात लावलास का?"

"नाही, मॅडम."

"तू पीएचडीला अर्ज केलायस त्या विद्यापीठाला मी सकाळीच कळवलंय. हिच्या कामाबद्दल शंका आहे, माझ्या पत्राची वाट पाहू नका म्हणून."

मॅडम वर्गावर निघून गेल्या. चाळणीच्या फोनवर घरून ताईचा निरोप आला होता: 'गेलं का पत्र?' तिने फोन पालथा ठेवला. रडू येत होतं, पण रडायला सवड नव्हती.

आपल्या खोलीत येऊन तिने प्रोग्राम पुन्हा चालवला. निकाल तोच, शून्य. प्रोग्रामची एकही ओळ बदललेली नव्हती. म्हणजे बदलली होती माहितीच.

तिने तालुक्यांनुसार शाळा मोजायला लावल्या. सपाटीवरच्या सगळ्या जागेवर होत्या. डोंगरातली एकही शाळा नव्हती.

आणि बसने खरा फरक पाडला होता तो डोंगरातच.

शेजारच्या टेबलावर दादा होता. विभागातला सहसंशोधक, वयाने मोठा म्हणून सगळ्यांचा दादा. मूळ फाइल ज्या सामाईक फोल्डरमध्ये होती, तिथे तिघांनाच प्रवेश होता: मॅडम, दादा आणि ती. फाइल शेवटची बदलली गुरुवारी दुपारी, एवढं फोल्डर सांगत होतं. कुणी बदलली, ते सांगत नव्हतं.

"दादा, गुरुवारी दुपारी कुठे होतास?"

"इथेच. तू परीक्षेच्या पर्यवेक्षणाला गेली होतीस."

"मूळ फाइल उघडलीस?"

"माझी उलटतपासणी घेतेस काय?"

"घेतेय. उघडलीस?"

"वेड लागलंय का? त्या भिंतीवर काय लिहिलंय?"

भिंतीवर मॅडमच्या ठसठशीत अक्षरात कागद होता: 'मूळ फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडू नये. कुणीही.'

"मग दुपारभर करत काय होतास?"

"रेडिओ ऐकत होतो. मॅडमची मुलाखत होती ना. छान बोलल्या. डोंगरातल्या एका शाळेचं नाव घेऊन किस्साच सांगितला. लोकांना नाव लागतं, आकडे कुणाला आवडतात?"

"तुझा संगणक दाखव."

दादाने तोंड वाकडं केलं, पण पडदा वळवला. तिने फक्त कोपऱ्यातली तारीख पाहिली. दिवस आधी, महिना नंतर. तिच्याही संगणकावर तसंच होतं.

मग तिने शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावरून मूळ फाइल नव्याने उतरवून घेतली, दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ नुसती बघत बसली. जे दिसत होतं ते तिला नको होतं. चूक दादाची निघाली असती तर किती बरं झालं असतं.

मॅडम वर्गावरून परतल्या, तेव्हा ती त्यांच्या खोलीत उभी होती.

"सापडलं," चाळणी म्हणाली. "दार लावू का?"

"लाव."

"डोंगरातल्या शाळांचे क्रमांक शून्याने सुरू होतात. स्प्रेडशीटला वाटतं, पुढचं शून्य बिनकामाचं. फाइल उघडून सेव्ह केली की ते उडतं. मग हजेरीच्या फाइलशी क्रमांक जुळत नाही आणि शाळा गळून जाते. नव्या फाइलवर तोच प्रोग्राम चालवला. आपला निकाल परत आला."

मॅडमनी सुस्कारा सोडला. "म्हणजे दादाने उघडली."

"नाही. फाइलमध्ये शाळा तपासणीची तारीख असते. आपल्या हिशोबात ती लागत नाही, म्हणून प्रोग्राम गप्प बसला. मूळ फाइलमध्ये वर्ष आधी आहे. स्प्रेडशीट सेव्ह करताना ती त्या त्या संगणकाच्या रीतीने बदलते. बिघडलेल्या फाइलमध्ये महिना आधी आलाय. दादाकडे आणि माझ्याकडे दिवस आधी येतो."

मॅडमनी हातातली पुस्तकं टेबलावर ठेवली.

"गुरुवारी रेडिओवर सांगायला तुम्हाला एका शाळेचं नाव हवं होतं," चाळणी हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही फाइल उघडलीत. बंद करताना 'सेव्ह करू का' विचारलं असेल. घाईत 'हो' म्हणालात."

मॅडमनी लॅपटॉपच्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग भराभर फाइल उघडून तारखा पाहिल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"कुणाला सांगितलंस?"

"अजून कुणाला नाही."

मॅडम टंकायला बसल्या. दोन ओळी झाल्यावर त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "'तांत्रिक अडचणीमुळे गैरसमज झाला, शिफारसपत्र सोबत जोडत आहे.' एवढं पुरे ना?"

पत्र हवं असेल तर 'हो' म्हणायचं आणि गप्प बसायचं, हे तिला कळत होतं.

"नाही, मॅडम. सकाळी तुम्ही माझ्यावर शंका लिहिलीत. अडचण कुणामुळे आली, हे नाही लिहिलं तर ते मलाच धरतील."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. रागाने बघितलं, यात वाद नाही. खाली मोटार थांबल्याचा आवाज आला. अधिकारी आले होते.

मॅडमनी दोन्ही ओळी पुसल्या आणि पुन्हा लिहायला घेतलं. 'फाइल मी बिघडवली आणि आळ माझ्या मदतनिसावर घेतला. चूक तिने शोधली.' खाली पत्र जोडलं आणि तिच्यादेखतच पाठवून दिलं.

"चल," त्या उठत म्हणाल्या. "तक्ता तू मांड. फाइल कशी बिघडली, ते मी सांगते."