निळ्या पार्क्यावरचं काळीज

चहा घ्या पोरांनो, फोन पालथे ठेवा. इथे कॅनडात तीस वर्षं ग्रोसरीच्या काउंटरवर गप्पा मारल्या, पण ही गोष्ट तिथे कधी काढली नाही. आपल्या हॅमिल्टनच्या व्हॅलेरियनवर गुदरलेली आहे. तोच, बंद पडलेल्या चर्चचं सामान विकणारा.

गेल्या वर्षी, अठ्ठावीस फेब्रुवारी. क्वेबेकच्या एका खेड्यात तो सामान घ्यायला गेला. फ्रेंचसाठी लेक शॅरन संगती. तिथल्या म्हातारीने एक कापडी काळीज दाखवलं, वर क्रूस. सांगितलं, सव्वादोनशे वर्षांमागे फ्रान्समध्ये राजाचं मुंडकं उडवून नवं सरकार आलं, पाद्र्यांच्या मागे लागलं. तेव्हा तिथल्या व्हांदे भागातले कॅथलिक शेतकरी असं काळीज छातीला शिवून उठले. सरकारच्या निळ्या कोटांच्या फौजेने गावं जाळली, तिधारी संगिनींनी बायापोरं भोसकली, मुडद्यांवरची काळजं ओरबाडून नेली.

व्हॅलेरियनचं लक्ष भावात. ऐकलं अर्धंच.

परतताना बर्फ वाढला. आपली वसईची सवय, घरात, गाडीत येशूचं पवित्र हृदय हवंच. "असूंदे संगती," म्हणत त्याने ते पार्क्याला, अंगातल्या थंडीच्या जाड कोटाला, टाचलं.

पार्का निळा.

रात्री सव्वाआठला शेतांमधल्या रस्त्यावर माणसं आडवी आली. लाकडी बूट. जळक्या गवताचा वास. प्रत्येकाच्या छातीवर तुटके दोरे लोंबत होते...

एकाने काचेला तोंड लावलं. काच धुरकटली नाही.

"डॅड, तो विचारतोय, कुणाच्या छातीवरून काढलंस?"

"सांग बाय, विकत घेतलंय."

तिने सांगितलं.



मग तिच्या बाजूचं दार उघडलं. लॉक केलेलं दार. तिची बाही ताणली गेली.

"डॅड... ते म्हणतायत, आम्हालाही मुली होत्या."

व्हॅलेरियन उतरला. उणे सव्वीस. पार्का काढला. काळजासकट बर्फावर ठेवला. गुडघे टेकले. क्रूस केला. 'आमच्या बापा' म्हणू लागला, मराठीतून. दुसरं येतच नव्हतं...

आमेन.

रस्ता मोकळा. शॅरन सीटवरच. पार्का तिथेच टाकून तो जो सुटला, तो पहाटे घरी.

दार उघडलं. आत खुंटीवर पार्का. ओला.

काळीज नव्हतं. त्या जागी तिधारी भोक, पाठीतून आरपार.

दुपारी मी गेलो. बोट घालून पाहिलं.

आतला कापूस गरम होता.