उशिरा उघडणारी झडप

दाजींची गाडी महिन्यात तिसऱ्यांदा गॅरेजात आली, तेव्हा मेकॅनिकला स्वतःचीच लाज वाटली. सेन्सर बदलून झाला होता, वायरिंग तपासून झालं होतं, इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप घासूनपुसून लख्ख केली होती. तरी तक्रार तीच. ॲक्सिलरेटर दाबला की कधीकधी गाडी ढिम्म हलत नाही.

"तू चालवलीस की शहाण्यासारखी वागते," दाजी म्हणाले. "आज शेजारी बस आणि बघच."

त्याने स्कॅनरची वायर डॅशबोर्डखाली खोचली. पडद्यावर दोन रेघा सरकू लागल्या. वरची दाजींच्या पायाची, खालची झडपेची. चौकात हिरवा दिवा लागला. वरची रेघ ताडकन उठली. खालची पडूनच. एक सेकंद. दोन. मागून हॉर्नचा गलका झाला, तेव्हा कुठे ती नाइलाजाने उठली.

"तुझी ताई अशीच," दाजी हसले. "हाक मारली की दोन सेकंदांनी हलायची."

ताई गेल्या वर्षी जिन्यावरून पडून गेली. दाजींनी तसं सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानेही.

पुढच्या सिग्नलला गाडी पुन्हा अडली. दाजींनी डॅशबोर्डवर मूठ हाणली. गाडी उसळून निघाली.

"बघितलंस? मार पडला की सुतासारखी सरळ!"

तिसऱ्या चौकात त्याने पडदा पाहिला, बोटाने पुसून पुन्हा पाहिला. या वेळी खालची रेघ आधी उठली होती. पाय त्यानंतर.

शेवटी शेवटी ताईही हाकेची वाट बघत नसे. दाजी खुर्चीत नुसते हलले तरी ताटावरून उठायची.

गॅरेजपाशी तो वायर काढून उतरला.

"काय दोष निघाला मग?"

"आता थांबणार नाही ती," तो म्हणाला.

दाजी खुशीत उताराला लागले. वायर गुंडाळताना त्याची नजर स्कॅनरवर गेली. वायरचं टोक त्याच्या हातात होतं. रेघा सरकतच होत्या.

पाय शून्य.

झडप शंभर.

ब्रेक दाबलेला. सोडलेला. पुन्हा दाबलेला.

खिशातला फोन वाजला. दाजी.

त्याने फडकं घेतलं आणि एकेक बोट सावकाश पुसलं. फोन वाजून वाजून थांबला. पडद्यावर वेगाचा आकडा अजून वाढतच होता.